पाण्यात की तेलात

अठ्ठावीस वर्षं मी पोलाद शिकवलं. अमरावतीच्या एका तंत्रशिक्षण संस्थेत, फळ्यावर. पोलाद कसं तापवायचं, कसं कडक करायचं, कडक झालं की त्याचा ठिसूळपणा कसा काढायचा, सगळं खडूने. या अठ्ठावीस वर्षांत माझ्या हाताने उचललेली सगळ्यात जड वस्तू म्हणजे हजेरीपट. संस्थेत वर्कशॉप होतं, भट्टी होती, ऐरण होती. पण ते सगळं मागच्या इमारतीत होतं, मधे ऊन फार लागायचं आणि तिथे पंखा नव्हता. म्हणून मी कधी गेलो नाही.

निवृत्त होऊन तिसरा महिना चालू होता. मी ओट्यापाशी उभा राहून चहाची वाट पाहत होतो आणि बायको वांगं कापत होती. एकदम तिने चाकू ओट्यावर आपटला.

"अजी, तुमी पोलादच शिकवत होते ना?"

"हो. काहून?"

"मंग एक चाकू तं करून द्या. हा कापत नाही, नुसता चेंगरते."

"चाकू बाजारात मिळतात."

"मिळतात. मले माहीत हाये. तुमाले कराले येते का, ते इचारून राह्यली मी."

मला राग आला. आता विचार केला तर कळतं, राग यायचं कारण एकच होतं. मला येत नव्हतं. पण त्या वेळी मी ताठ होऊन म्हटलं, "येते म्हणजे काय! ज्यांना येते त्यांना मीच शिकवलं."

"बरं. मंग दसऱ्याले पूजेत ठेवू. दरसाल तुमी ती वही ठेवता, यंदा हातचं काही ठेवा."

ती वही म्हणजे माझ्या नोट्स. आमच्याकडे दसऱ्याला ज्याचं जे हत्यार असेल त्याची पूजा होते. भाऊ ट्रॅक्टरला हार घालतो, बायको शिलाई मशीनला, आणि मी माझ्या नोट्सच्या वहीला हळदकुंकू लावायचो. अठ्ठावीस दसऱ्यांची हळद बसून वहीचा पुठ्ठा पिवळा झाला होता. माझं पोट त्या वहीवर चाललं, हे खरं आहे. पण बायकोच्या प्रश्नाने माझी झोप उडवली. मला पोलाद येतं की नुसती वही येते, हे मला स्वतःला माहीत नव्हतं, आणि आता ते दसऱ्यापर्यंत शोधून काढायचं होतं.

दुसऱ्या दिवशी इतवारा बाजारात भंगारवाल्याकडे गेलो. ट्रकचा एक जुना ब्रेकड्रम घेतला, एक लोखंडी पाइप घेतला आणि ट्रकच्या पाट्याचा हातभर तुकडा घेतला. पाटा म्हणजे चाकाच्या वर एकावर एक रचलेले जे वाकडे पट्टे असतात, त्यातला एक. गाडीचा सगळा भार तो पेलतो, खड्ड्यात वाकतो आणि परत सरळ होतो. वर्गात यावर माझं एक तासाचं व्याख्यान होतं. हातात मात्र तो पहिल्यांदाच आला आणि इतका जड निघाला की स्कूटरचा तोल गेला.

भंगारवाल्याने विचारलं, "काय बनवता?"

"चाकू."

"कोणाले माराचं हाये?"

"वांगं कापायचं आहे."

त्याने एकदा पाट्याकडे पाहिलं, एकदा माझ्या पांढऱ्या शर्टाकडे पाहिलं आणि पैसे मोजून घेतले.

अंगणात भट्टी मांडली. ब्रेकड्रम चार विटांवर ठेवला, आतून माती आणि राख कालवून लिंपला, बुडाच्या भोकात पाइप बसवला. भात्याच्या जागी मुलीचं केस वाळवायचं यंत्र लावलं. मुलगी पुण्याला नोकरीला गेली तेव्हा ते इथेच राहिलं होतं. तिला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, त्याला गरम आणि थंड अशी दोन बटणं आहेत, थंडवर ठेवा." हा एवढा एकच तांत्रिक सल्ला मला या सगळ्या कामात वेळेवर मिळाला.

बाकीचे सल्ले शेजारी देत होते. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. कुंपणाच्या पलीकडे खुर्ची टाकून रोज सकाळी बसायचे. आयुष्यभर दुसऱ्यांना खणायला लावून स्वतः सावलीत उभं राहायची सवय, ती कुठे जाते? "सर, हवा कमी पडून राह्यली." "सर, हवा जास्त झाली." "सर, माह्या आजोबाच्या गावचा लोहार असा बसत नव्हता." कॉलनीच्या ग्रुपवर त्यांनी माझा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, सरांनी कारखाना काढला. त्यावर एकोणीस जणांनी हात जोडले. एकीने विचारलं, आमच्या विळ्याला धार लावून मिळेल का. कोणीतरी नेहमीच्या सवयीने भावपूर्ण श्रद्धांजली पण वाहून टाकली.

लोखंड तापवलं की मऊ होतं, हे मी हजारो पोरांना सांगितलं असेल. किती मऊ होतं ते मला माहीत नव्हतं. फारच थोडं होतं, बाप्पा! लालभडक पाटा सांडशीत धरून, ऐरण म्हणून मांडलेल्या रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर ठेवायचा, चार हातोडे मारायचे, की झाला तो परत काळा. पुन्हा भट्टीत. पहिल्या दिवशी तळहाताला तीन फोड आले. दुसऱ्या दिवशी फोड फुटले. तिसऱ्या दिवशी माझी कंबर अशी धरली की जेवायला बसलो ते उठता येईना. चौथ्या दिवशी त्या लोखंडाला काही एक आकार आला तेव्हा मी तो मोठ्या अभिमानाने बायकोला दाखवला.

ती म्हणाली, "हे तं उलथनं हाये."

खोटं कशाला बोलू, उलथनंच होतं. तरी मी हार मानली नाही. पुढचे आठ दिवस कानस घेऊन घासत बसलो. घासता घासता उलथन्याची पाठ निघाली, पोट निघालं, टोक निघालं. एक दिवस सकाळी मी ते उन्हात धरलं आणि तो चाकू होता. वेडावाकडा होता, पण चाकू होता. मला इतका आनंद झाला की मी एकटाच अंगणात हसत उभा होतो. पगारवाढीलाही असा आनंद झाला नव्हता.

आता फक्त कडक करायचा राहिला होता. हे तर माझं खास प्रकरण, वहीचं पान अमुक, परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. मी अंगणात पाण्याची बादली आणून ठेवली. भट्टी फुलवली. चाकू लाल होत गेला तसा मी फ्रिजवरचा एक चुंबक तारेला बांधून त्याला लावून पाहत होतो. योग्य तितकं तापलं की पोलादाला चुंबक चिकटत नाही. हेही वहीतलं. आणि ते खरं निघालं! चुंबक सुटला. वहीतलं एक वाक्य माझ्या डोळ्यांदेखत खरं झालं म्हणून माझ्या अंगावर काटा आला. शेजारी खुर्चीतून उठून उभे राहिले. बायको दारात आली. मी चाकू उचलला आणि सरळ बादलीत बुडवला.

चर्र झालं. वाफ आली. आणि त्या वाफेतून एक बारीक आवाज आला, टिण.

बाहेर काढून पाहिलं तर धारेपासून पाठीपर्यंत एक काळी रेघ गेली होती. मी बोटाने नुसता दाबला, चाकू दोन तुकडे होऊन पडला.

"हवा जास्त झाली होती," शेजारी म्हणाले.

मी त्यांना काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. आठ दिवस ते कुंपणापाशी बसले नाहीत, एवढं पुरे.

बायकोने दोन्ही तुकडे उचलून ओट्यावर ठेवले. तिला हसायची पूर्ण संधी होती, ती हसली नाही. मला ते जास्त लागलं. मी वही काढली. वहीत स्पष्ट लिहिलं होतं: ट्रकच्या पाट्याचे पोलाद तापवून पाण्यात बुडवावे. मग मी मूळ पुस्तक काढलं. ते संस्थेच्या ग्रंथालयाचं, मी परत करायचं विसरलो होतो, म्हणजे विसरलो असं सगळ्यांना सांगत होतो. पुस्तकात एक तक्ता होता. साधं पोलाद, पाण्यात. त्याच्या खालच्या ओळीत पाट्याचं पोलाद, तेलात. पाण्यात ते एकदम आकसतं आणि फुटतं, हेही खाली बारीक अक्षरात दिलं होतं.

वहीत त्या दोन ओळींची अदलाबदल झाली होती. ही चूक माझी पण नव्हती, हीच तर गंमत. वही मला माझ्या आधीच्या सरांकडून कपाटाच्या किल्लीबरोबर मिळाली होती, त्यांना त्यांच्या आधीच्यांकडून. प्रत्येकाने नवीन वहीत जुनी वही उतरवून काढली. कोणीतरी कधीतरी एक ओळ चुकवली आणि मग ती चूक आम्ही पिढ्यान्‌पिढ्या वाढवली. मी ती अठ्ठावीस वेळा वर्गात सांगितली. पोरांनी लिहिली, पाठ केली, पेपरात उतरवली, मी तिला बरोबरची खूण केली. एकाही पोराने विचारलं नाही.

नाही, एकाने विचारलं होतं. विचारलं म्हणजे काय, सांगितलंच होतं. ते आठवलं तेव्हा मी वही खाली ठेवली.

तो अकोल्याचा होता, लोहाराचा मुलगा. वीस वर्षं झाली असतील. तोंडी परीक्षा होती, बाहेरून आलेले परीक्षक माझ्या शेजारी बसले होते. मी विचारलं, ट्रकच्या पाट्याचं पोलाद कडक करताना कशात बुडवतात? तो लगेच म्हणाला, "तेलात, सर." मी म्हटलं, विचार करून सांग. तो म्हणाला, "तेलातच, सर. पाण्यात फुटते." मी विचारलं, कोणी सांगितलं? "माह्या बापानं."

आणि मी म्हणालो, "तुझ्या बापाने पुस्तक लिहिलं आहे का?"

परीक्षक खो खो हसले. मीही हसलो. तो खाली मान घालून उभा राहिला आणि पुढच्या एकाही प्रश्नाला त्याने उत्तर दिलं नाही. मी त्याला नापास केलं. ते माझं वाक्य मला इतकं आवडलं होतं की स्टाफरूममध्ये मी ते दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा लोक हसले.

पाट्याचा अर्धा तुकडा शिल्लक होता. मी पुन्हा भट्टी पेटवली. या वेळी कॉलनीच्या ग्रुपवर काही आलं नाही. पुन्हा फोड, पुन्हा कानस. तळणाचं उरलेलं गोडंतेल बायकोने डब्यात काढून दिलं, ते कोमट केलं, चुंबक सुटल्यावर चाकू त्यात बुडवला. मोठा जाळ उठला, माझ्या भुवया थोड्या जळाल्या, पण टिण झालं नाही. कानस लावून पाहिली, ती काचेवरून जावी तशी घसरली. म्हणजे कडक झाला होता. मग ठिसूळपणा काढायला बायकोच्या केकच्या ओव्हनमध्ये तो गव्हाळ रंगाचा होईपर्यंत भाजला. त्यानंतर महिनाभर तिच्या केकला तळणाचा वास येत होता, पण तिने वांगं कापून पाहिलं. मग कांदा कापला. मग उगीचच आणखी एक कांदा कापला.

"जमलं जी तुमाले," ती म्हणाली.

मग मी तिला त्या मुलाची गोष्ट सांगितली. पूर्ण सांगितली, स्टाफरूमसकट. तिने कांद्यावरून मान वर केली नाही. म्हणाली, "मंग इथं कायले बसले? अकोल्याले जा ना."

"वीस वर्षं झाली."

"मंग आणखी किती होऊ द्याचे हायेत?"

दसऱ्याला आठवडा होता. मी चाकू वर्तमानपत्रात गुंडाळला आणि सकाळची एसटी धरली. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो. माफी मागायचीही नोट्सशिवाय सवय नव्हती. अकोल्यात उतरून ऑटोने मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात, लोहारांच्या गल्लीत गेलो. दुकान सापडायला त्रास पडला नाही. पाट्याचे विळे करणारा, अमरावतीला शिकलेला लोहार कोण म्हणून विचारलं, तर मी विचारलेल्या दुसऱ्या माणसानेच बोट दाखवलं.

तो चाळिशीचा झाला होता, पोट सुटलं होतं, केस मागे गेले होते. मी ओळखलं नसतं, त्याने लगेच ओळखलं. हातातली सांडशी टाकून आला आणि चारचौघांत माझ्या पाया पडला. "सर! तुमी इकडे कसे?" मला बसायला स्टूल दिलं, पुसून दिलं. दुकानात वखराच्या लोखंडी पासी, कुऱ्हाडी, विळे लटकत होते. आत एका बाजेवर म्हातारा बसला होता, त्याचे वडील. हात गुडघ्यांवर, नजर रस्त्यावर.

मी जुळवलेली सगळी वाक्यं विसरलो. चाकू त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "पहिला पाण्यात टाकला, फुटला. हा तेलात. त्या दिवशी तुझं बरोबर होतं. मी चुकलो."

त्याने चाकू उलटसुलट पाहिला. हसला. "सर, मले तेव्हाच मालूम होतं. मी काय मनाले लावून नाही घेतलं. सहा महिन्यानं पुन्हा परीक्षा देल्ली, तुमी तोच सवाल इचारला. मी म्हणलो, पाण्यात. तुमी म्हणले, शाबास. झालो पास."

मला ते आठवत नव्हतं. शाबास मी म्हटलं असणार, मी ते सगळ्यांनाच म्हणायचो.

मग त्याचं हसू गेलं. बाजेकडे पाहून तो म्हणाला, "त्यानं घेतलं मनाले. तो आयकत नाही आता, घणाच्या आवाजानं कान गेले, म्हणून सांगतो. मी नापास झालो तं मले एक शिवी नाही देल्ली. म्हणे, उत्तर माह्यं होतं, म्हणजे नापास मी झालो. अन् मंग मी पाणी म्हणून पास झालो ना, तं त्याची खातरीच पटली. चार पाटे तापवून पाण्यात टाकले. चारी फुटले. म्हणे, पुस्तक चुकत नसते, माह्या हातातच काही खोट आली. त्या दिवसापासून कडक कराच्या कामाले त्यानं हात नाही लावला. जिंदगीभर तेच केलं होतं त्यानं. तालुक्यातून लोकं येत होते. मी लाख सांगतलं, बाबा, मास्तर चुकले. म्हणे, मास्तरानं सांगावं, मंग मानतो."

मी चुकीच्याच माणसाची माफी मागायला आलो होतो. मी उठलो आणि बाजेपाशी गेलो.

मुलाने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, "बाबा! माहे सर हायेत! अमरावतीचे! ते परीक्षावाले!"

म्हातारा उठायला लागला. मी खांद्याला धरून बसवलं आणि चाकू त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने तो उचलला, अंगठ्याच्या नखावर धार फिरवली, पाठीवरून बोट नेलं. माझ्या कानसेचे ओरखडे त्याच्या बोटाला बरोबर सापडले असतील.

"कायच्यात थंडा केला?" त्याने विचारलं.

"तेलात," मी म्हटलं.

"आँ?"

"तेलात!"

रस्त्यावरून जाणारा एक ऑटोवाला थांबून पाहू लागला. कुऱ्हाड घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक जवळ सरकलं. शेजारच्या दुकानातले दोघे बाहेर आले.

"मंग पाणी कोण म्हणलं होतं?"

"मी!"

"चुकलं होतं का ते?"

"चुकलं होतं! माझं चुकलं होतं! तुमचं बरोबर होतं!" अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मी वर्गात इतक्या मोठ्याने कधी बोललो नव्हतो. माझा आवाज फाटला. आजूबाजूच्यांपैकी कोणी हसलं नाही.

म्हाताऱ्याने चाकू परत मांडीवर ठेवला. बराच वेळ तो आपल्या दोन्ही तळहातांकडे पाहत होता. डोळ्यांत पाणी होतं की धुराने आधीचंच होतं, मला सांगता येणार नाही. मग त्याने मान वर केली.

"पोरगं पाणी म्हणलं, तं पास कोणं केलं?"

"मीच!"

त्याने थोडा विचार केला. रागाने नाही, टोमणा म्हणून नाही, एखादी गोष्ट खरोखर समजून घ्यायची असते तसं त्याने विचारलं, "अन् मास्तर, तुमाले नापास कराले कोणीच नव्हतं का?"

"नव्हतं," मी म्हटलं.

त्याला ते ऐकू गेलं नाही. कानामागे हात धरून तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला, तेव्हा मला ते पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असं, ओरडून सांगावं लागलं.